करंजाच्या वळणाचं पाणी

मित्रांनो, मी एक म्हातारा तापमापक आहे. हे ऐकून लगेच मला काखेत धरायला हात वर करू नका. तापानं फणफणलेली माणसं मोजतो तो माझा धाकटा भाऊ. त्याला दवाखान्यात मान आहे. मी पाणी मोजणारा. फूटभर लांब काचेची नळी, पोटात पारा आणि अंगावर शून्यापासून शंभरापर्यंत रेघा. त्यातल्या बऱ्याच आता पुसट झाल्या आहेत. पारा मात्र शाबूत आहे आणि स्मरणशक्तीही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरानं मला आधी बर्फात बुडवलं आणि पारा थांबला तिथं खूण केली. मग उकळत्या पाण्यात घातलं आणि दुसरी खूण केली. जन्मल्या जन्मल्या अशी आंघोळ कुणाच्या नशिबी येत नसेल. पण त्या दोन खुणांवरच माझी सगळी अब्रू उभी आहे, म्हणून मी तक्रार करत नाही.

पहिली नोकरी लागली दौंड तालुक्यातल्या राहू गावी, दूध डेअरीत. साल असेल शहाऐंशी. सकाळ-संध्याकाळ सायकलींना लटकवलेले कॅन यायचे आणि डेअरीचे पोपटराव मला एकेका कॅनमध्ये बुडवायचे. दूध जास्त तापलेलं असलं की ते पुण्यापर्यंत टिकणार नाही, हे मी तिथल्या तिथं सांगायचो. लोक हुज्जत घालायचे. पोपटराव मला उंच धरून म्हणायचे, "माझ्याशी काय भांडता? ह्यो गडी कुणाचा पावना न्हाई, कुणाचा भावबंद न्हाई." हे वाक्य ऐकलं की माझा पारा उगाच वर चढल्यासारखा वाटायचा. त्यांनी माझ्यासाठी बांबूची नळी तासून तिच्यात कापूस भरून घर केलं होतं. माझे ते दिवस फार सुखाचे गेले.

मग डेअरीत दूध गार करणारी मोठी टाकी आली. तिच्या अंगालाच तबकडीचा काटा. माझी रवानगी टेबलाच्या खालच्या खणात झाली, गंजलेल्या टाचण्या आणि वाळलेल्या शिक्क्यांच्या शेजारी. सहा-सात वर्षं मी तिथं पडून होतो. कुणी मारलं नाही, टाकलं नाही, नुसतं विसरलं. मित्रांनो, हे फार वाईट असतं, एवढंच सांगतो.

त्या खणातून मला बाहेर काढलं राजश्रीताईंनी. त्या राहूच्याच लेक, शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. दोन हजार चार सालच्या जानेवारीत माहेरी आल्या होत्या आणि पोपटरावांना विचारत होत्या, "आबा, डेअरीत जुना तापमापक असेल का हो? नदीचं पाणी मोजायचंय."

"नदीला ताप आलाय व्हय?" पोपटराव हसले.

"आल्यासारखाच आहे," त्या म्हणाल्या, पण त्या हसल्या नाहीत.

शिरूरला आल्यावर त्यांनी मला पहिल्याच दिवशी वितळत्या बर्फात घातलं. पारा शून्यावर यायला हवा होता, तो अर्धा अंश वर राहिला. वयाचा परिणाम. त्यांनी माझ्या मानेवर चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिलं, 'अर्धा वजा करा'. सगळ्यांदेखत असा माझा दोष लिहिलेला बघून मला राग आला होता. पुढे कळलं की दोष लिहून ठेवला तर माणसं जास्त विश्वास ठेवतात.

आता नदीचं सांगतो. शिरूरला तुम्ही घोडनदी म्हणा, शिरूर म्हणा, एकच. नदीचं नाव गावाला चिकटलेलं. पण त्या वर्षांत नदीची पार रया गेली होती. नाल्यांचं पाणी तिच्यात यायचं आणि उन्हाळ्यात ती तुकड्या-तुकड्यांनी साचून राहायची. दर मे महिन्यात पुलाखाली मासे मरून उलटे तरंगायचे. तेव्हा गावातल्या काही मंडळींनी नदी सुधारायला एक समिती काढली. मारुतराव नावाचे बागायतदार तिचे अध्यक्ष. माणूस कामाचा, पण घाईचा. त्यांच्या मनात दगडी घाट होता. पायऱ्या, बाकडी, दिवे. आणि त्यासाठी जागा ठरली होती करंजाच्या वळणाची.

नदी वळते तिथं काठावर करंजांची दाट रांग होती, मध्येच दोन जांभळी. मुळांच्या खालून एक झरा पाझरायचा. राजश्रीताईंचं म्हणणं असं, की गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो आणि मासे गुदमरून मरतात. तेव्हा आधी नदी कुठं तापते आणि कुठं गार राहते ते मोजा. गार जागा असेल ती राखा, तापणाऱ्या जागेवर सावली करा, आणि मग काय बांधायचं ते बांधा. मारुतरावांनी मान्य केलं. "मोजा. जिथं काय फरक दिसंल तिथली झाडं ऱ्हाऊ द्या. फरक नसला तर मात्र घाट व्हनार."

म्हणजे त्या करंजांचं आणि झऱ्याचं काय होणार, हे माझ्यावर ठरणार होतं. खणात सात वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला एवढी मोठी जबाबदारी!

मोजायचं काम घेतलं बबनरावांनी. ते एका सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. अक्षर मोत्यासारखं. तीस वर्षांत एकाही रजिस्टरात खाडाखोड नाही, आणि हे ते समोरच्यानं विचारण्याआधी सांगायचे. त्यांचा दुसरा नियम असा, की रजिस्टर टेबल सोडत नाही. साहेब बोलावो नाहीतर मंत्री येवो, ज्याला बघायचंय त्यानं टेबलापाशी यावं. राजश्रीताईंनी कॉलेजात टेबलावर परातीत पाणी ठेवून त्यांना मला कसं वाचायचं ते शिकवलं. दुपारी दोनला, पाच जागी, रोज. आणि त्या बाळंतपणाला राहूला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून बबनरावांचं काम सुरू झालं. रोज दोन वाजता ते सायकलीवरून नदीवर जायचे, पाच जागी पाच बाटल्या भरायचे, बुचं घट्ट लावायचे, प्रत्येकीला चिठ्ठी बांधायचे. बंधारा, नाल्याचं तोंड, धुण्याचा खडक, करंजाचं वळण, पूल. मग बाटल्या पिशवीत घालून, उन्हातून सायकल मारत मार्केट यार्डाजवळच्या समितीच्या खोलीत यायचे. हातपाय धुवायचे, पंखा लावायचे, रजिस्टर उघडायचे आणि मग मला नळीतून काढून एकेका बाटलीत बुडवायचे.

तुमच्या लक्षात आलं ना? तुम्ही हसताय. मला मात्र तेव्हा हसू येत नव्हतं. नदीपासून यार्डापर्यंत येता येता पाचही बाटल्यांचं तापमान सारखंच होऊन जायचं. वळणाचं पाणी आणि नाल्याचं पाणी एका पिशवीत अंगाला अंग लावून आलेलं, त्यांच्यात फरक राहणार कुठून? मी जे पाणी मिळेल त्याचं खरं तेच सांगत होतो. तीस, तीस, साडेतीस, तीस, तीस. बबनराव न चुकता अर्धा वजा करून सुरेख अक्षरात लिहायचे. मला ओरडून सांगावंसं वाटे, 'बबनराव, मला नदीवर न्या हो!' पण आमच्या जातीला तोंड दिलेलं नाही.

असे पंच्याहत्तर दिवस गेले. एकही दिवस खाडा नाही. घरी लग्नकार्य असताना सुद्धा बबनराव पंगतीतून उठून बाटल्या भरून आले होते. माणसाच्या मेहनतीत खोट नव्हती, म्हणून तर मला जास्त वाईट वाटायचं.

एप्रिलच्या शेवटी बैठक झाली. मारुतरावांनी रजिस्टर पानापानानं चाळलं. "पाची जागी सारखंच की वो! मग करंज ठिवून काय फायदा?" बबनराव म्हणाले, "आकडे समोर हायेत, आप्पा. माझं मत न्हाई, मापकाचं हाय." ठराव झाला. महिन्याभरात पावसाच्या आत वळण मोकळं करायचं. ठेकेदार ठरला, दगडाच्या दोन ट्रॉल्या काठावर येऊन पडल्यासुद्धा.

त्या संध्याकाळी बबनरावांनी मला घरी नेलं. बांबूच्या नळीला चीर गेली होती, तिला दोरा गुंडाळायचा होता. त्यांच्या पत्नी ताईबाई नुकत्याच नदीवरून गोधड्या धुऊन आल्या होत्या. पावसाआधी गावच्या बाया वर्षाच्या गोधड्या धुतात आणि ताईबाई त्या दिवसभर पाण्यात उभ्या राहून धुवायच्या. बबनरावांनी ठरावाचं सांगितलं. ताईबाईंनी पदरानं हात पुसले.

"सारखंच कसं असंल? अवो, नाल्यापाशी पाय भाजत्यात आन् वळनावर उभं ऱ्हायलं तर नडग्या बधिर व्हत्यात. समद्या बाया वळनावरच का जात्यात मग?"

"पायाला काय कळतं? पारा चुकत न्हाई."

"पारा चुकत नसंल. पन तुमी त्याला नदीत बुडिवला का कवा?"

बबनराव नळीला दोरा गुंडाळायला लागले. ताईबाई बाकी थांबायच्या नव्हत्या. "बाईंनी नदीचं पानी मोजाया सांगितलं व्हतं. तुमी पिशवीतलं मोजताय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कुणाच्या पाया पडावंसं वाटलं असेल तर ते त्या क्षणी, त्या माउलीच्या, चिखलानं माखलेल्या पायांच्या.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता बबनराव मला घेऊन वळणावर गेले. रजिस्टर नाही, बाटल्या नाहीत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मला झऱ्याच्या तोंडाशी बुडवलं. जन्मात पहिल्यांदा मला वाहतं पाणी लागलं! पारा सरसर खाली आला. सव्वीस. ते उठून उन्हातनं नाल्याच्या तोंडाशी गेले. चौतीस. पुन्हा वळणावर आले, पुन्हा सव्वीस. तिसऱ्यांदा बुडवलं, तरी सव्वीसच. मग ते मला हातात धरून करंजाच्या मुळावर बसले.

त्यांना काय वाटत होतं ते मला कळत होतं. पंच्याहत्तर पानं चुकीची. तीस वर्षांचं नाव एका दुपारी धुऊन जाणार. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. ताईबाई घरच्याच, त्या कुठं बोलणार होत्या! करंज पडले असते, घाट झाला असता, आणि घाटाच्या कोनशिलेवर बबनरावांचंही नाव आलं असतं. दोन दिवस ते जेवले नाहीत धड. मीही नळीत पडून होतो आणि मला पुन्हा तो डेअरीचा खण आठवत होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी रजिस्टर मोठ्या रुमालात बांधलं, सोबत माझी नळीही. तीस वर्षांत पहिल्यांदा रजिस्टरानं टेबल सोडलं. एसटीनं ते राहूला आले आणि राजश्रीताईंच्या अंगणात खाटेवर अवघडून बसले. ताईंच्या मांडीवर महिन्याचं बाळ होतं.

"बाई, माझ्याकडनं फार मोठी चूक झाली," ते म्हणाले आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाले, "ही पानं फाडून टाकतो. नवीन रजिस्टर करतो."

राजश्रीताईंनी पानं उलटून बघितली. "बबनमामा, चूक माझीबी आहे. मीच तुम्हाला टेबलावर परात ठेवून शिकवलं. नदीत बुडवा, हे सांगायचंच राहिलं." मग त्या म्हणाल्या, "फाडू नका. यातला एकही आकडा खोटा नाही. फक्त तो कशाचा आहे ते लिहा."

बबनरावांनी तिथंच, खाटेवर बसून, लाल पेन काढलं. पहिल्या पानावर, मोत्यासारख्या अक्षरांवर आडवं लिहिलं, 'हे तापमान नदीचे नाही. माझ्या बाटलीचे आहे.' आणि खाली सही केली. असं पंच्याहत्तर वेळा. बाळ दोनदा झोपून उठलं तेव्हा ते काम संपलं.

ठराव फिरवायचा तर हातात खरे आकडे हवेत, म्हणून त्यानंतर बारा दिवस मी खरं काम केलं. बबनराव गुडघाभर पाण्यात, मी पाण्यात, रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ताईबाईंच्या हातात. आकडा पाण्यातच वाचायचा आणि तिथंच लिहायचा. बंधाऱ्याखाली बत्तीस, नाला चौतीस, खडक तेहेतीस, पूल तेहेतीस, आणि वळण सव्वीस, कधी साडेसव्वीस. नवव्या दिवशी ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी रांगेच्या टोकाचे तीन करंज पाडले. बबनराव त्यांच्या पाया पडले, तरी त्यांच्याकडे ठरावाचा कागद होता. दुसऱ्या दिवशी त्या उघड्या पडलेल्या जागी मी अठ्ठावीस दाखवले, तिसऱ्या दिवशी एकोणतीस. तेव्हा बबनरावांनी सायकल काढली आणि थेट मारुतरावांच्या मळ्यात गेले.

बैठक तातडीनं भरली. बबनरावांनी सगळ्यांसमोर रजिस्टर उघडलं, लाल अक्षरांसकट. एक-दोघं हसले.

मारुतराव चिडले, आणि त्यांचं चिडणं काही गैर नव्हतं. "बबनराव, तुमच्याच आकड्यावर आमी ठराव केला. दगूड आनला. आता तुमीच म्हनताय चुकलं! अडीच म्हैने येक सांगितलं आन् बारा दिवस दुसरंच. कशावर इस्वास ठिवायचा?"

"माझ्यावर ठेवू नका, आप्पा," बबनराव म्हणाले. ते उठून उभे राहिले. "माझी चूक मी लिहून दिलीय, ती पुसायची न्हाई. फकस्त येक डाव नदीवर चला. तुमी सोता मोजा."

सगळी समिती नदीवर गेली. मारुतरावांनी धोतर खोचलं आणि मला नाल्याच्या तोंडाशी बुडवलं. मग वाचायला म्हणून झटकन वर काढून डोळ्यांसमोर धरलं, जसं सगळेच धरतात. बबनरावांनी हळूच त्यांचा हात धरला. "आप्पा, त्याला पान्यातच ऱ्हाऊ द्या. तुमीच वाका." एवढे मोठे बागायतदार, पण वाकले. चौतीस. मग पाडलेल्या करंजांच्या जागी वाकले. एकोणतीस. मग उरलेल्या करंजांच्या सावलीत झऱ्यापाशी आले आणि मला बुडवायच्या आधीच त्यांचा पाय पाण्यात पडला.

"आयला," मारुतराव म्हणाले. मग त्यांनी मला बुडवलं, नीट वाकून वाचलं, आणि सरळ उभे राहिले. तीन उघड्या बुंध्यांकडे त्यांनी एकदा बघितलं. "ते तीन माझ्या नावावर लिवा," ते बबनरावांना म्हणाले. दगडाच्या ट्रॉल्या दुसऱ्या दिवशी पुलाकडे हलल्या. घाट तिथं झाला, लहानसा. नाल्याचं पाणी आधी मुरवून मग नदीत सोडायला खड्डे केले गेले, आणि जिथं जिथं मी बत्तीसच्या वर गेलो होतो तिथं पावसाळ्यात करंजाची रोपं लागली. सगळी जगली नाहीत. पण निम्मी जगली.

मित्रांनो, आता माझं वय झालं आहे. कॉलेजात पाण्यात सोडून दिलं की आपलं आपण तासातासाला लिहून ठेवणारं यंत्र आलं आहे. त्याचा मला हेवा वाटत नाही. मी काचेच्या कपाटात आहे, राजश्रीताई वर्षातून एकदा मला पुसतात. तुम्ही आलात तर मला हात लावलात तरी चालेल, फक्त पाडू नका. माझ्या पोटातला पारा तुम्हाला सोसायचा नाही. आणि एक मागणं आहे. तुमच्या गावात नदी असेल, ओढा असेल, त्याच्याविषयी काही ठरवायचं झालं तर आधी त्याच्यात पाय घालून या. टेबलावर बसून त्याच्याबद्दल बोलू नका. चुकलात तर पान फाडू नका, चूक कुठं झाली ते लिहा.

माझ्या शेजारी ते रजिस्टर आहे. ते मात्र अवश्य उघडून बघा. दोन हजार पाच सालचा मे महिना काढा. ते बबनरावांचं मोजणीचं शेवटचं वर्ष. त्या महिन्यात पुलाखालचं पाणी चौतिसावर गेलं होतं. बावीस तारखेला दोन वाजता बबनराव मला घेऊन करंजाच्या वळणावर उतरले, वाकले, आणि तसेच थांबले. झऱ्याच्या गार पाण्यात वरच्या-खालच्या नदीतले मासे येऊन एकमेकांना खेटून उभे होते, शेकड्यांनी, कल्ले हलवत. मला बुडवायला बोटभर फट नव्हती. बबनराव अर्धा तास काठावर बसून राहिले. मग त्यांनी तापमानाचा रकाना कोरा ठेवला आणि शेऱ्याच्या रकान्यात त्या सुरेख अक्षरात लिहिलं:

'आज मोजता आले नाही. जागा नाही. मासे आहेत.'